चार्ज कोणाकडे

२७ जुलै, रविवार. सकाळी ६.४०
दादा, वहिनी आणि रिद्धी काल रात्री विमानात बसले. मुक्काम हॅमिल्टन, न्यूझीलंड. दादाला तिथल्या दूध पावडरच्या कारखान्यात नोकरी लागली आहे.

आज ही वही उघडली. बाबा अणुवीज प्लँटमधून निवृत्त झाले तेव्हा तीन कोरी लॉगबुकं घरी आली होती (रीतसर विचारून आणलेली). रकाने छापलेले आहेत: वेळ, घटना, कार्यवाही, चार्ज कोणाकडे. बाबा म्हणायचे, शिफ्टमध्ये जे घडलं ते सगळं लिहावं, म्हणजे पुढच्या शिफ्टवाल्याला अंधारात चाचपडावं लागत नाही. माझ्यानंतर कोणी शिफ्टला येणार नाही. तरी लिहिते.

घटना: कुटुंब परदेशी रवाना. कार्यवाही: त्यांना सेटल करणे. चार्ज: माझ्याकडे (अपेक्षा).

बोईसरमध्ये बसून त्यांना कसं सेटल करणार, असं आईने विचारलं. दादाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. वहिनी हुशार आहे, पण कशालाही 'होईल गं' म्हणते. आणि रिद्धी पाच वर्षांची. वहिनीची पालघरची बँक, दादाच्या शिफ्ट, त्यामुळे सहा महिन्यांची असल्यापासून ती माझ्याजवळ झोपते. नागोरावची गोष्ट ऐकल्याशिवाय तिला झोप येत नाही. नागोराव हा बेडूक. पालघरजवळच्या माहीमला आईच्या माहेरी वाडीत जी विहीर आहे, तिच्यात राहतो. दादा म्हणतो, दोन-तीन दिवसांत रमेल ती. दादाला मुलांचा अनुभव नाही.

संकल्प:
रोज दुपारी एक वाजता (तिकडचे संध्याकाळचे साडेसात) व्हिडिओ कॉल. नागोराव. मग झोप.
दिवसाला जास्तीत जास्त पाच मेसेज.
काळजी करायची नाही. फक्त लक्ष ठेवायचं.

२८ जुलै, सोमवार
दादाचा मेसेज आला: 'पोहोचलो.' माझे प्रश्न एकोणीस होते.

मग फोन झाला. आवाज थकलेला. विमानतळावर अडीच तास अडकले. तिथे नियम आहे की खाण्याचं जे काही आणलं ते सांगायचं. बॅगा मी भरल्या, यादीही मीच केली. घरात लहानपणापासून एकच शिकवण, खोटं बोलू नये आणि अर्धवट खरंही बोलू नये. म्हणून यादी नऊ पानी, टाइप केलेली. वाणगावच्या सुक्या मिरच्या, चिकूच्या वाळवलेल्या फोडी, जायफळ, वेखंड एक तुकडा. आईच्या आग्रहाखातर तुळशीच्या कुंडीतली चिमूटभर माती. त्या नोंदीपुढे मी टीप दिली होती: 'मातीच्या पुडीत मुंगी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

हे वाचून अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं म्हणे. विमानातली सगळी माणसं निघून गेली. रिद्धी ट्रॉलीवर झोपली. बॅग क्रमांक चार तिथेच ठेवून घेतली.

मी म्हटलं, पण इतकी प्रामाणिक यादी पाहून ते प्रभावित झाले असतील. दादा म्हणाला, झाले ना, झेरॉक्स काढून ठेवली त्यांनी.

समाधान वाटलं.

२९ जुलै, मंगळवार
पहिला व्हिडिओ कॉल. अडतीस मिनिटं.

रिद्धीने हीटर दाखवला, खिडकीतून दिसणारं बदक दाखवलं, ते उडून गेल्यावर बदकाची जागा दाखवली. मी नागोरावची गोष्ट सांगितली. रिद्धी रडली नाही. मोठा धक्का बसला की मुलं रडत नाहीत, आतल्या आत ठेवतात. मी रडले, पण ते वेगळं.

काल रात्री झोपली का, असं वहिनीला विचारलं. नऊ तास, एकदाही न उठता. हे काळजीचं लक्षण आहे.

मेसेज: पंधरा. त्यातले चार 'गुड नाइट' प्रकारचे. ते मोजत नाही.

३० जुलै, बुधवार
एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण: कुटुंबाचे स्थलांतर. धीरज सरांनी विचारलं, कुठे चाललात? मी सांगितलं, मी कुठेच नाही. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला. माणसं गेली न्यूझीलंडला आणि रजा तुमची, असं म्हणाले. मी म्हटलं, हो.

सही केली, पण मान हलवत केली. ज्यांच्यावर घराची जबाबदारी पडलेली नसते त्यांना हे समजत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार
सव्वाबाराला लाइट गेली. वायफाय बंद. मोबाइलचं नेटवर्क खाली येत नाही, म्हणून छत्री घेऊन गच्चीवर. तिथे एक दांडी यायची आणि जायची. रिद्धीचा चेहरा चौकोनांचा झाला. नागोराव विहिरीच्या कठड्यावर येऊन बसला, आणि कॉल कट. नऊ वेळा लावला.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या राहीबाई गच्चीवर फडकी काढायला आल्या होत्या. वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरून येतात, तोंडाने स्पष्ट. म्हणाल्या, "ताय, पोर तुमची परदेशात, न तुमी गच्चीवर. मंग घरात कोन हाय?"

बाई कष्टाळू आहेत, पण त्यांना परिस्थितीची कल्पना नाही.

गोष्ट अर्धीच राहिली. म्हणजे रिद्धी आज जागी असणार. दर तासाला मेसेज करून विचारलं. पाचव्यांदा दादाने उत्तर दिलं की ती केव्हाच झोपली आणि आता तोही झोपणार आहे.

३ ऑगस्ट, रविवार
सविस्तर लिहिणं आवश्यक आहे.

नव्या घरात पहिल्या आठवड्यात दूध उतू घालवावं. पातेलं नवं, दूध ताजं, उतू पूर्वेकडे जावं. आईने दहा वेळा बजावलं होतं, मी दादाला बारा वेळा. तो टाळत होता. म्हणाला, आमच्या कारखान्यात दूध उतू गेलं तर चौकशी बसते. मी म्हटलं, घर म्हणजे कारखाना नाही.

सकाळी साडेदहा, तिकडचे पाच. सगळे व्हिडिओवर. शेगडी विजेची, काचेची. दहा मिनिटं झाली, दूध ढिम्म. मी आच पूर्ण वाढवायला सांगितली. मग ते एकदम वर आलं, चारी बाजूंनी सांडलं (पूर्वेलाही), शेगडीवर करपलं, धूर झाला. छतावरचं गोल यंत्र किंचाळायला लागलं.

इथे एक नोंद. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं घरीच शिकले. दाराच्या मागे सूचनांचा कागद चिकटवलेला होता, प्लँटच्या आसपासच्या सगळ्या घरांत असतो तसा. बाबा त्यावर बोट ठेवून शिकवायचे. माझा 'स' सशाचा नाही, सायरनचा. 'सायरन वाजल्यास घरात जावे. दारे-खिडक्या बंद कराव्यात. पुढील सूचनेची वाट पाहावी.' मी सलग वाचलेली ही पहिली तीन वाक्यं. दादाचीही हीच.

त्यामुळे आम्हा दोघांना विचार करावाच लागला नाही. मी 'खिडक्या' म्हणेपर्यंत त्याने दोन बंदही केल्या होत्या. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल. रिद्धीला टेबलाखाली बसवून नाकाला रुमाल. सगळं चार मिनिटांत, एकही चूक नाही. मला दादाचा अभिमान वाटला.

धूर मात्र वाढत गेला. हे अपेक्षेविरुद्ध होतं. वहिनी सारखी म्हणत होती, अरे खिडकी उघडा. ती प्लँटपासून लांबच्या माकुणसारची, तिच्या घरी तो कागद नव्हता. दोन विरुद्ध एक असा निर्णय झाला.

पंधरा मिनिटांनी दारावर ठोसे. हेल्मेट घातलेली चार माणसं.

त्या देशात यंत्र वाजलं की घरात नाही, घराबाहेर जायचं असतं. बिल्डिंगमधली चोवीस बिऱ्हाडं थंडीत पार्किंगमध्ये उभी राहून आपापली माणसं मोजत होती. तीन कमी भरत होती. ते तिघे म्हणजे आपले. सगळं बंद करून आत का बसलात, असं त्यांनी दादाला विचारलं. दादाने फोन त्यांच्यासमोर धरला आणि सांगितलं की बहीण सूचना देत होती. मी नमस्कार केला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. आईने एवढंच विचारलं की पूर्वेला गेलं ना.

घटना: दूध उतू गेले. जखमी: कोणी नाही. शिस्त: उत्तम. त्रुटी: फक्त दिशेची.

४ ऑगस्ट, सोमवार
वहिनीचा मोठा मेसेज. गोड भाषेत, पण मोठा. इथलं आम्ही बघू, सारखे फोन नकोत, दादाला ऑफिसात फोन तर नकोच. त्याऐवजी रिद्धी रोज साडेसातला स्वतः फोन करेल. दहा मिनिटं. कबूल का?

दोनदा वाचला. वहिनीने स्वतःहून वेळ बांधून दिली आहे. म्हणजे मुलीला माझी गरज आहे हे तिला पटलं. दुधाच्या प्रसंगाचा असाही उपयोग झाला.

'कबूल' असं कळवलं. सोबत वेळापत्रकाचा नमुना पाठवला.

५ ऑगस्ट, मंगळवार
बरोबर एक वाजता फोन. रिद्धीने स्वतः केला. मी बाराला जेवून, केस विंचरून बसले होते.

नागोरावने विहिरीत दिवा लावला. दहा मिनिटं.

मुलगी तग धरून आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार
तीन दिवसांची निरीक्षणं.

एक. फोन एकदाही चुकला नाही. दादा या वयात डबा शाळेत विसरून यायचा.

दोन. गोष्ट अर्ध्यावर आली की रिद्धी विचारते, दहा मिनिटं झाली का? वेळ संपेल याची बिचारीला धास्ती असते. मी सांगते, नाही गं, अजून चार आहेत. ती सुस्कारा टाकते.

तीन. फोन ठेवायच्या आधी ती आईला ओरडून सांगते, 'आत्या झाली!' मग काहीतरी सोलून चिकटवल्यासारखा आवाज येतो. कशाचा, ते कळलं नाही. घरात फटी असतील आणि त्या बुजवत असतील. थंडी आहे तिथे.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी पौर्णिमा. दादाची राखी ते निघायच्या आधीच मी बॅगेत ठेवली होती. रुद्राक्षाची. बॅग क्रमांक चार.

रुद्राक्ष हे बी असतं. यादीत मी तसं लिहिलंही होतं, पान सहा.

तरी अकरा सूचना पाठवल्या, दुसरा दोरा घेऊन कसं बांधायचं याच्या. त्या पोहोचेपर्यंत रिद्धी बांधून मोकळी झाली होती. फोटो आला. केसांचा निळा रबर बँड, मध्ये सोनेरी चांदणी चिकटवलेली. दादाच्या मनगटावर तो रुततोय हे स्पष्ट दिसतं. घरात अशा चांदण्यांचं अख्खं पाकीट आहे म्हणे. कशासाठी, ते विचारायचं राहिलं.

माझ्या वतीने बांधली का, असं विचारलं. रिद्धी म्हणाली, नाही, माझ्या वतीने. तिला 'वतीने' म्हणजे काय ते माहीत नसणार.

११ ऑगस्ट, सोमवार
रजा संपली. एकची वेळ जेवणाच्या सुट्टीत बसते, म्हणून अडचण नाही. फक्त जेवण बसत नाही.

लॅबच्या बाहेर पॅसेजमध्ये उभी राहून गोष्ट सांगितली. मध्येच रिद्धी म्हणाली, नागोराव विहिरीतून बाहेर का येत नाही? मी सांगितलं, बाहेर रस्ता आहे, बगळे आहेत, साप आहेत. ती म्हणाली, पण त्याला पोहता येतं. मी म्हटलं, पोहायला विहीर पुरते. मग म्हणाली, पण त्याला मित्र कोण आहे तिथे?

पंपरूमचे दोघे डबा घेऊन जाता जाता थांबले होते. मी सांगितलं, विहीर आहे ना. त्यातला एक म्हणाला, सही बात है मॅडम.

आत आले तर ब्युरेटची तोटी उघडी राहिलेली. सगळं टायट्रेशन पुन्हा. धीरज सरांनी विचारलं, फोन कोणाचा होता? घरचा, म्हटलं. इमर्जन्सी? रोजचीच, म्हटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार
रिद्धीच्या वर्गात किंजल नावाची मुलगी आहे. नवसारीचे लोक. आज दहातली सहा मिनिटं किंजल. किंजलचा दात पडला, किंजलला पोहता येतं, किंजलच्या चष्म्यातून पाण्याखालचं दिसतं. उरलेल्या चारांत नागोरावला आवरावं लागलं. बिचारा नुसता डुबकी मारून झोपला.

मैत्री चांगलीच. पण एकदम इतकी नको. वहिनीला तसा मेसेज केला. उत्तर: 'होईल गं.'

१५ ऑगस्ट, शुक्रवार
१.०० फोन नाही.
१.०४ नाही.
१.१० त्यांचं घड्याळ मागे असेल.
१.१५ मी लावला. उचलला नाही.
१.४० सात वेळा. दादाचा फोन बंद.
२.०५ चौदा वेळा. हॅमिल्टनमधल्या अपघातांच्या बातम्या वाचल्या. एक मेंढी सापडली आहे. हरवलेली होती.
२.२० बाबा म्हणाले, सायरन वाजलेला नाही, मग पळतेस कशाला? मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं असू शकतं. ते वर्तमानपत्राआड गेले.
३.१० वहिनीचा मेसेज. रिद्धी किंजलकडे जेवायला गेली होती. परत येताना गाडीतच झोपली. उचलून आत नेलं तरी उठली नाही. रविवारी बोलू.

नागोरावशिवाय झोपली.

गाडीतली झोप धरत नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार. दुपारी १.३०
कॉल झाला. मीच लावला. रिद्धीच्या डोळ्यांवर पोहायचा गॉगल. घरातल्या घरात. काढायला तयार नाही. बक्षीस मिळालं म्हणाली. कसलं, असं मी विचारलं. दाखवते म्हणाली आणि फोन घेऊन पळाली. फरशी, खुर्चीचे पाय, मग फ्रिज.

फ्रिजवर तक्ता. वहिनीचं बँकेतलं सुबक अक्षर. डाव्या बाजूला एकाखाली एक: दात. अंथरूण. बूट. आत्या.

प्रत्येकापुढे दहा चौकोन. 'आत्या'पुढचे दहाही भरलेले. सोनेरी चांदण्या. म्हणजे पाच तारखेपासून चौदापर्यंत, एकही चुकलेली नाही. 'दात'मध्ये दोन चौकोन रिकामे होते.

हे काय, असं विचारण्याची गरज नव्हती. तक्ते करायला वहिनीला मीच शिकवलं होतं. तरी विचारलं.

रिद्धी म्हणाली, "मम्माने सांगितलं, आत्याला माझ्याशिवाय झोप येत नाही. म्हणून दहा दिवस बोलायचं, मग तिला सवय होईल." मग गॉगल कपाळावर सरकवून तिने मला नीट पाहिलं. "आता येते ना तुला झोप?"

मी म्हटलं, येते.

"मग झालं," ती म्हणाली.

वहिनी घाईने फोनपाशी आली. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, अपेक्षा, तसं नाही गं. मी म्हटलं, तक्ता चांगला आहे, फक्त वर तारीख हवी होती. तेवढ्यात रिद्धीने विचारलं की नागोरावला घेऊन जाऊ का? उद्या पोहायच्या क्लासला. किंजलला त्याची अख्खी गोष्ट सांगून झाली आहे, आणि त्यांनी दोघींनी त्याला परवाच विहिरीतून बाहेर काढलं आहे. बगळा आला होता, पण किंजलने हाकलला.

परवानगी विचारत होती, पण काम झाल्यावर.

शेजारी नवा तक्ता लागला आहे. दात, अंथरूण, बूट, पोहणे.

चार मिनिटं अकरा सेकंद.

१८ ऑगस्ट, सोमवार
१.०० पॅसेजमध्ये उभी होते. फोन यायचा नव्हता. पायांना सवय.
१.०५ धीरज सर आले. म्हणाले, आज इमर्जन्सी नाही? नाही, म्हटलं. मग जेवा, म्हणाले.
१.१० डबा उघडला. आई रोज यात लिंबाचं लोणचं देते, हे आज कळलं.

संध्याकाळी राहीबाईंनी विचारलं, पोर रमली का तिकडं? हो, म्हटलं. त्या म्हणाल्या, मंग बरा हाय. आणि भांडी घासू लागल्या.

घटना: नाही. कार्यवाही: नाही. मेसेज: शून्य. चार्ज कोणाकडे: रिद्धीकडे.

तिने तो माझ्याकडून कधी घेतला, याची नोंद या वहीत सापडत नाही. दोनदा पाहिलं.